शेंडे पिवळे, शिरा हिरव्या: सोलापूरच्या कुंड्यांचं दर उन्हाळ्याचं दुखणं

फेब्रुवारी संपत आला की आमच्या जुळे सोलापूरच्या गल्लीत तीच विचारणा सुरू होते. "मोगऱ्याची पानं पिवळी पडायलीत बघा ओ वहिनी, काय घालू?" गच्चीवर जाऊन बघावं तर चित्र दर वेळी सारखंच. खालची जून पानं चांगली हिरवी, शेंड्याची कोवळी पानं पिकल्या लिंबाच्या सालीसारखी पिवळी, आणि त्या पिवळ्यावर शिरांचं हिरवं जाळं उठून दिसतं. मोगऱ्यापाठोपाठ जास्वंद, मग कढीपत्ता, लिंबू, गुलाब. जूनमध्ये दोन-चार दणदणीत पाऊस झाले की झाडं आपली आपण सावरतात आणि आपण विसरून जातो. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तेच.

माझ्याकडे सलग तीन उन्हाळे हे झालं आणि तिन्ही वेळा मी खत वाढवलं. पहिल्या वर्षी शेणखत, दुसऱ्या वर्षी गांडूळखत आणि शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी, तिसऱ्या वर्षी १९:१९:१९ हे विकतचं रासायनिक खत. तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी लावलेला जुना मोगरा गेला. त्याला खत कमी पडत नव्हतं हे मला नंतर कळलं, आणि कळलं ते एका जास्वंदामुळे.

एकाच झाडाच्या दोन फांद्या मी एकाच दिवशी, एकाच मातीत, दोन सारख्या कुंड्यांत लावल्या होत्या. एक कुंडी जिन्याजवळ ठेवली, दुसरी खालच्या खोलीच्या एसीची नळी जिथे गळते तिथे. जिन्याजवळच्या जास्वंदाचे शेंडे एप्रिलमध्ये पिवळेफटक. नळीखालच्या जास्वंदाची पानं मात्र काळपट हिरवी, तेल लावल्यासारखी चकचकीत. खत दोन्हींना सारखं, ऊनही सारखंच. फरक फक्त पाण्याचा. एकीला बोअरचं पाणी, दुसरीला एसीचं.

आधी कोणतं पान पिवळं आहे ते बघा

पिवळं पान म्हणजे एकच रोग नाही, म्हणून काही घालण्याआधी झाडासमोर दोन मिनिटं उभं राहा. पिवळेपणा शेंड्याच्या नव्या पानांपासून सुरू झाला असेल आणि शिरा हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. या लेखाचा विषय तोच. लोह झाडात एकदा ज्या पानात गेलं तिथून सहसा हलत नाही, त्यामुळे तुटवडा पडला की नव्या पानाच्या वाट्याला काही येत नाही. नत्राचं (नायट्रोजनचं) उलट आहे. तो कमी पडला की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं शिरांसकट एकसारखी पिवळी होतात. खालच्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. तिथे एप्सम सॉल्ट चालतं. शेंड्याच्या पिवळेपणावर त्याचा उपयोग नाही. लिंबाची नवी पानं पिवळी असून शिवाय बारीक, अरुंद आणि गुच्छासारखी येत असतील तर जस्तही कमी आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हमखास फसवते. पानावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक फिके ठिपके असतील तर पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर धुळीचे कण पडले आणि ते चालायला लागले तर ते लाल कोळी आहेत. त्यांना पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा, आठवड्यातून दोनदा, आणि तेवढ्याने हटले नाहीत तर संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी.

खात्री करायची घरगुती परीक्षा

शेतीतज्ज्ञ पानावर लोहाचं पाणी लावून बघतात तीच ही परीक्षा, घरच्या मापाने. कृषी सेवा केंद्रात हिराकस मिळतं. पुडीवर फेरस सल्फेट लिहिलेलं असतं. फिकट हिरवे खडे असतील तर ताजं. पिवळसर तांबूस झालं असेल तर परत करा, ते गंजून गेलंय आणि त्याचा फारसा गुण येत नाही. एक लिटर एसीच्या किंवा पिण्याच्या पाण्यात सपाट अर्धा चमचा हिराकस विरघळवा आणि लिंबाचे सात-आठ थेंब पिळा. लिंबू विसरू नका, नाहीतर पाणी बघता बघता तांबूस होतं. ऊन उतरल्यावर कापसाचा बोळा या पाण्यात बुडवून एका पिवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या फक्त एका बाजूला, वरून आणि खालून पुसा. देठाला दोरा बांधून ठेवा, नाहीतर चार दिवसांनी कोणतं पान ते सापडत नाही. दोन दिवसांनी पुन्हा एकदा पुसा.

आठवड्याच्या आत पुसलेली बाजू हिरवी आणि दुसरी पिवळीच राहिली तर निदान पक्कं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हात थोडा थरथरला आणि शेजारच्या पानावर पाण्याचे शिंतोडे उडाले. पाचव्या दिवशी त्या पानावर जिथे जिथे थेंब टेकला होता तिथे तिथे मुगाएवढा गोल हिरवा ठिपका उठला होता आणि मधली जागा तशीच पिवळी. लोह पानातल्या पानातही फारसं सरकत नाही, हे त्या ठिपक्यांनी दाखवलं. कितीतरी वेळ मी ते पान बोटांत धरून बघत होते. तीन वर्षं झाड जे सांगत होतं ते मला त्या दिवशी कळलं.

मातीत लोह आहे, झाडाला मिळत नाही

आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे आणि त्या खडकात लोह भरपूर असतं. म्हणून कुंडीत गंजके खिळे पुरायचा उपाय व्यर्थ आहे. गंज म्हणजे लोहाचं न विरघळणारं रूप, आणि तसलं लोह मातीत आधीच ढीगभर आहे. अडचण चुन्याची आहे. सोलापूर भागातल्या काळ्या मातीत चुनखडी असते. शेतात पांढरे खडे हाताला लागतात ते तिचेच. अशा मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचं माप) आठच्या आसपास किंवा वर जातो, आणि सामू साडेसातच्या वर गेला की लोह मुळांना घेता येईल अशा रूपात फारसं उरत नाही. कुंडीत थोडी तरी काळी माती असतेच, नर्सरीतून झाड येतं तेव्हा मुळाशी गोळाही बहुधा तिचाच असतो.

त्यावर आपण बोअरचं पाणी ओततो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ते पिण्यासाठी राखून ठेवायचं आणि झाडांना बोअर सोडायचा, हे साहजिकच आहे. पण गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, नळाच्या तोटीला जी खरपुडी धरते, तीच कुंडीतही साठते. तिथून पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. हिशेब करून बघा: पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ८०० असेल तर लिटरमागे ०.८ ग्रॅम क्षार. रोज एक लिटर घातलं तर मार्च ते मे या ९२ दिवसांत एका कुंडीत जवळजवळ ७४ ग्रॅम, म्हणजे मोठी मूठभर. लोहाची गरज पडली की मुळांची टोकं आपल्याभोवती थोडं आम्ल सोडतात आणि लोह विरघळवून घेतात. जड पाण्यातला बायकार्बोनेट नेमकं ते आम्ल मारून टाकतो. जूनमध्ये पाऊस येऊन हेच क्षार खालच्या भोकातून धुऊन नेतो, म्हणून झाड आपोआप सुधारलेलं दिसतं.

आता खताने दुखणं का वाढलं तेही लक्षात येईल. १९:१९:१९, डीएपी, हाडांचा चुरा यांतलं स्फुरद (फॉस्फरस) लोहाला आणखी बांधून ठेवतं. शिवाय खताच्या जोरावर नवी फूट निघाली की तिला लोह जास्त लागतं, जे आधीच मिळत नाही.

तुमच्या कुंडीत चुना किती आहे ते बघायचं असेल तर चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर पांढरं व्हिनेगर ओता. फेस आला तर चुना आहे. फेस बारीक असेल तर बशी कानाशी धरा, सळसळ ऐकू येते. विकतच्या खतालाही हीच परीक्षा लावा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने खूप, त्यामुळे मळीचं खत स्वस्तात मिळतं. पण उसाचा रस निवळायला चुना वापरतात आणि त्याचा अंश मळीत उतरतो. शेताला ते चांगलं असेल, कुंडीतल्या मोगऱ्याला मी घालत नाही.

पाणी बदललं की निम्मं काम होतं

माझं ठाम मत आहे की पैसे औषधावर घालवण्याआधी पाण्याची सोय लावावी. सगळ्या कुंड्यांना नाही जमलं तरी मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, लिंबू, गुलाब, एक्झोरा, अनंत एवढ्यांना हलकं पाणी राखून ठेवा.

एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात. नळीखाली बादली ठेवा. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी, त्यामुळे समुद्रकाठच्या गावांइतकं ते पडत नाही, तरी चार-सहा कुंड्यांचं भागतं. एसी रसायनाने धुतला असेल त्या दिवसाचं पाणी फेकून द्या.

आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी झाडांना घालू नका. ही चूक मी अनेक घरांत बघितली आहे आणि ती अगदी चांगल्या मनाने, पाणी वाया जाऊ नये म्हणून झालेली असते. पण मशीन गाळलेल्या पाण्यातले बहुतेक क्षार याच पाण्यात ढकलतं, म्हणजे ते बोअरच्या पाण्याहूनही जड असतं. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा. अपार्टमेंटमध्ये सॉफ्टनर बसवला असेल तर त्या पाण्याला साबणाचा फेस छान येतो, पण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. झाडाला ते आणखी वाईट. बोअरचं पाणी दोन दिवस टाकीत 'शिळं' ठेवूनही त्यातला चुना जात नाही.

नळाचं पाणी उजनीकडून येतं, ते बोअरच्या मानाने बरंच हलकं. पाणी येतं त्या दिवशी एक बादली झाडांसाठी बाजूला काढणं आम्हाला जमतं. ज्यांना एवढंही जमत नाही त्यांनी दहा लिटर बोअरच्या पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्त्व घालून आठवड्यातून एकदा द्यावं. हा तात्पुरता आधार आहे. मातीतले जिवाणू काही दिवसांत लिंबूसत्त्व खाऊन टाकतात आणि सामू पुन्हा चढतो.

पावसाचं पाणी सगळ्यांत उत्तम. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा भाग सप्टेंबरात. पण १० चौरस मीटरच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी १०० लिटर पाणी होतं. पन्हाळीखाली झाकणाचं पिंप ठेवा, पहिल्या सरीचं धुळीचं पाणी जाऊ द्या आणि नंतरचं धरा. डास होतात, म्हणून तोंडाला कापड बांधायलाच हवं.

पुस्तकात सांगतात की कुंडीच्या दुप्पट पाणी ओतून क्षार धुऊन काढावेत. सोलापुरात उन्हाळ्यात हे सांगणंही मनाला पटत नाही. त्याऐवजी मे अखेरीला कुंडीतला वरचा इंचभर पांढरा थर खरवडून काढा, तिथे नवं गांडूळखत घाला, खालच्या थाळ्या काढून ठेवा आणि कुंड्या उघड्या पावसात येऊ द्या. धुण्याचं काम पाऊस करतो.

लगेच हिरवं करायचं असेल तर

फवारणीसाठी परीक्षेचंच पाणी वापरा. त्यात शाम्पूचा एक थेंब टाकला की ते पानावर पसरतं. ऊन उतरल्यावर, दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. कळ्या-फुलांवर नको आणि फरशीवर तर मुळीच नको, तांबूस डाग कायमचे बसतात. फवारणीने समोरची पानं हिरवी होतात, पुढच्या महिन्यात येणारी पानं पुन्हा पिवळी येऊ शकतात.

मुळातून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह घ्या, पण पाकिटावरची अक्षरं वाचा. साधारणपणे दुकानदार ईडीटीए देतात. ते फवारणीला ठीक आहे, पण आपल्या सामूच्या मातीत ते लोह सोडून देतं आणि तुमचे पैसे चुन्याला जातात. मातीत घालायला ईडीडीएचए हवं. ते महाग असतं, रंगाने गडद लालसर तपकिरी, आणि पाण्यात टाकलं की पाणी लाल होतं. बारा इंची कुंडीला २ ग्रॅम, एक लिटर पाण्यात विरघळवून, माती आधी ओली करून, संध्याकाळी. एकदा फेब्रुवारीच्या शेवटी आणि एकदा एप्रिलच्या मध्यावर एवढं मला पुरतं. दोन आठवड्यांत जी नवी पानं येतील त्यांच्याकडे बघून गुण आला की नाही ते ठरवा. खूप पिवळी झालेली जुनी पानं परत हिरवी होतीलच असं नाही.

स्वस्तातला आणि मला जास्त आवडणारा उपाय शेणखताचा आहे. एक किलो चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात १० ग्रॅम हिराकस पाण्यात विरघळवून शिंपडायचं, कालवायचं आणि ओलसर ठेवून सावलीत तीन आठवडे मुरू द्यायचं. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात, चुना त्याला लगेच गिळू शकत नाही. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते त्या सुमारास मी हे कालवते, म्हणजे फेब्रुवारीत कुंडीला मूठ-मूठ घालता येतं.

अंड्याची टरफलं, चुलीची राख, रांगोळीचं उरलेलं पीठ यांतलं काही या झाडांना घालू नका. टरफलं चुन्याचाच प्रकार, रांगोळीही बऱ्याचदा तशीच, आणि राखेनेही सामू वाढतो. नव्या सिमेंटच्या कुंडीतूनही चुना सुटतो, तिच्यात आधी एखादा पावसाळा सदाफुली लावा. जिप्समने सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीला फायदा होतो, चुनखडीच्या मातीचा सामू त्याने उतरत नाही.

मुळांना गारवा

हे दुखणं उन्हाळ्यातच का वाढतं याचं दुसरं कारण मुळांचं तापणं. लोह घेण्याचं काम मुळांची कोवळी टोकं करतात. पारा ४२ अंशांवर असताना स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला हात लावून बघा, चटका बसतो. आत ती टोकं जळून जातात. मग लोह समोर ठेवलं तरी घेणार कोण?

मी कुंड्या विटांवर उचलून, एकमेकींना चिकटून ठेवते आणि बाहेरच्या रांगेभोवती जुनी विटकी सोलापुरी चादर दुहेरी करून गुंडाळते. जाड सुती कापड, दुपारी एकदा शिंपडलं की संध्याकाळपर्यंत गार राहतं. वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी. काळी माती सुकली की आकसते आणि कुंडीच्या कडेने फट पडते. त्या फटीतून पाणी सरळ खाली जातं, आपल्याला वाटतं पाणी पोचलं, पण मधला गोळा कोरडाच असतो. काडीने वरची माती उकरून फट बुजवा, मग पाणी घाला. उलट थाळीत पाणी साचू दिलं तरी मुळं गुदमरतात आणि हाच पिवळेपणा दिसतो.

पुढच्या वेळी कुंडी भराल तेव्हा काळी माती चौथ्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नका. बाकी दोन-तीनदा धुतलेलं कोकोपीट, गांडूळखत आणि तांबडी माती. आणि ज्यांच्याकडे खरोखर बोअरशिवाय दुसरं पाणीच नाही, त्यांनी झाडं पाण्याप्रमाणे निवडावीत. सदाफुली, कण्हेर, बोगनवेल, शेवगा हे सगळं निभावून नेतात. डाळिंबही, म्हणून तर ते या भागातल्या चुनखडीच्या जमिनीत तगलं आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच, केगावला आहे. मोठ्या कुंडीत किंवा अर्ध्या पिंपात डाळिंबाचं एक झाड छान येतं.

एवढं करून महिनाभरात नवी पानं हिरवी आली नाहीत तर संध्याकाळी कुंडी आडवी करून गोळा अलगद बाहेर काढा. मुळांची टोकं पांढरी आणि कडक असतील तर परत ठेवा, आणखी पंधरा दिवस वाट बघा. ती तपकिरी असतील, बोटांत धरली की साल सुटून आत दोऱ्यासारखं उरत असेल, वास येत असेल, तर लोह विसरा. कुजलेली मुळं कापा, वरच्या फांद्याही तेवढ्याच छाटा, कोरड्या मिश्रणात छोट्या कुंडीत लावा आणि पंधरा दिवस सावलीत ठेवा. खत तोपर्यंत अजिबात नाही.